रिव्हर्स पाचव्या आठवड्यात

रविवारी सकाळी सव्वादहा वाजता मास्तरीणबाई गाडी घेऊन एकट्याच बाहेर पडल्या. फाटकापाशी थांबून त्यांनी दोन्ही बाजूंना पाहिलं, इंडिकेटर दिला आणि वळून मुख्य रस्त्याला लागल्या. शेजारच्या सीटवर त्यांची कापडी पिशवी होती. दुसरं कोणी नव्हतं.

यात सांगण्यासारखं काय, असं कोणी विचारील. सांगण्यासारखं आहे ते शेवटचं वाक्य. ही गाडी ड्रायव्हिंग स्कूलची. हिच्यात शेजारच्या सीटपुढेही एक ब्रेक आणि एक क्लच आहे, आणि गाडी रस्त्यावर असताना त्या ब्रेकवर मास्तरांचा पाय नाही असं त्या दिवसापर्यंत कधी घडलं नव्हतं. त्या वेळी मास्तर दुसऱ्या मजल्यावर, जेवणाच्या टेबलाशी, फोन कानाला लावून बसले होते. फोनमध्ये एक बाई त्यांचा कॉल महत्त्वाचा असल्याचं पुन्हा पुन्हा सांगत होती आणि मध्ये मध्ये बासरी वाजत होती. गाडी सुरू झाल्याचा आवाज मास्तरांनी ऐकला. पण आपली गाडी आपल्याशिवाय जाऊ शकते ही कल्पनाच डोक्यात नसल्यामुळे तो दुसऱ्या कोणाच्या गाडीचा असावा असं ते धरून चालले.

सगळ्याचं मूळ मास्तरांच्या गुडघ्यात होतं. ऑपरेशन नीट झालं. डॉक्टर म्हणाले, चाला, फिरा, जिने चढा, पण या पायानं आता ब्रेक दाबायचा नाही. मास्तरांनी विचारलं, “किती दिवस?”

“आजवर किती वर्षं दाबलात?”

मास्तरांनी अभिमानानं आकडा सांगितला.

“मग पुरे झालं,” डॉक्टर म्हणाले आणि पुढच्या पेशंटला आत बोलावलं.

स्कूलला कुलूप लागलं. मास्तर घरी बसले. पण पायाला कोण सांगणार? मास्तरीणबाई ओट्याशी उभ्या असल्या आणि दूध वर यायला लागलं, की मागे खुर्चीत बसलेल्या मास्तरांचा पाय फरशीवर दाबला जायचा आणि तोंडातून “हं, हं, हं” असा चढता आवाज निघायचा. चार-सहा दिवस हे सोसल्यावर मास्तरीणबाईंनी भाचीला फोन केला. “तुझ्या मामाला काहीतरी काम दे,” त्या म्हणाल्या. “नाहीतर मला दे.”

भाची ऑनलाइन शिकवण्या चालवणाऱ्या एका कंपनीत होती. ती संध्याकाळीच आली, चहा घेतला आणि मांडी घालून बसली. “मामा, कोर्स कर. ‘गाडी शिका, घरबसल्या.’ बाकीचं आम्ही करतो. तू फक्त एक स्वच्छ अभ्यासक्रम लिहून दे. कुठल्या आठवड्यात काय शिकायचं, आणि आठवडा संपला की विद्यार्थ्याला काय येईल.”

“एवढंच?”

“एवढंच. पण स्वच्छ पाहिजे. वाचणाऱ्याला शंका राहता कामा नये.”

मास्तर हसले. गावभरच्या माणसांना गाडी शिकवलेल्या माणसाला हे कोणी सांगावं? त्यांच्या हाताखालचा एकही विद्यार्थी लायसनच्या परीक्षेत नापास झालेला नव्हता. तसं स्कूलच्या पाटीवर लिहिलंही होतं. त्याच पाटीवर खाली, जरा मोठ्या अक्षरांत, स्कूलचं ब्रीदवाक्य होतं: तुम्ही फक्त बसा, बाकी आम्ही बघतो.

दुसऱ्या दिवशी मास्तरांनी कोरा कागद घेतला, समास सोडला, तारीख घातली आणि लिहिलं, “आठवडा पहिला. विद्यार्थ्याने गाडीत बसावे.” पुढे काय लिहायचं हे त्यांना जेवणाची वेळ झाली तरी सुचेना. गाडी शिकवणं हे मास्तरांच्या लेखी शब्दांचं काम कधी नव्हतंच. ते शेजारी बसायचे आणि “हं” म्हणायचे. एक “हं” म्हणजे गिअर टाक, दोन म्हणजे वळ, लांबवलेला म्हणजे समोर सायकलवाला आहे. विद्यार्थ्याला त्यातलं काही कळलं नाही तर मास्तरांचा पाय होताच. आता आडातलं पोहऱ्यात काढायला बसले तर दोर सापडत नव्हता.

भाचीला त्यांनी पहिला मसुदा पाठवला तो असा: आठवडा पहिला, बसणे. आठवडा दुसरा, चालवणे. आठवडा तिसरा, सराव. बाकी मी बघतो.

भाचीनं फोन केला. “मामा, तू कुठून बघणार? तू गाडीत नाहीस.”

मास्तरांनी शेवटचं वाक्य खोडलं. हा मुद्दा त्यांच्या लक्षात आलेला नव्हता.

इमारतीत बातमी पसरायला फारसा वेळ लागला नाही. मास्तर अभ्यासक्रम लिहितायत म्हटल्यावर सगळ्यांत आधी वर आले ते तळमजल्यावरचे साहेब. साहेब शाळा-तपासनीस म्हणून निवृत्त झालेले. गेली काही वर्षं तपासायला काही नसल्यामुळे ते इमारतीचा जिना तपासत. त्यांनी मास्तरांचा कागद हातात घेतला, चष्मा कपाळावर चढवला आणि म्हणाले, “उद्दिष्टं कुठायत?”

“गाडी शिकणे.”

“ते झालं ध्येय. उद्दिष्ट वेगळं. उद्दिष्ट मोजता आलं पाहिजे. सोप्याकडून कठिणाकडे गेलं पाहिजे. ज्ञाताकडून अज्ञाताकडे.”

“गाडी पुढे गेली तर चालेल ना?”

“तुम्ही थट्टा करताय मास्तर. करा. पण मी तपासलं असतं तर तुमची शाळा बंद झाली असती.”

“बंदच आहे,” मास्तरीणबाई आतून म्हणाल्या.

पाठोपाठ समोरच्या घरातल्या वकीलबाई आल्या. त्यांना अभ्यासक्रमात रस नव्हता. अभ्यासक्रमानंतर काय होईल, यात होता. “लिहिता ते जपून लिहा,” त्या म्हणाल्या. “ ‘विद्यार्थ्याला गाडी चालवता येईल’ असं लिहिलंत आणि तो भिंतीवर गेला, तर तो म्हणेल, मला येईल असं तुम्ही लिहून दिलं होतं. त्यापेक्षा ‘येऊ शकेल’ लिहा. किंवा ‘येण्याची शक्यता नाकारता येणार नाही.’ ”

मास्तरीणबाईंनी तिघांना चहा दिला आणि विचारलं, “म्हणजे पहिला आठवडा संपला की मला नक्की काय येईल?”

साहेबांनी बशीत चहा ओतला.

इथे मास्तरीणबाईंबद्दल एक गोष्ट सांगायला हवी. त्यांच्याकडे लायसन होतं. लग्नानंतर मास्तरांनीच शिकवलं होतं, आणि परीक्षेत त्या पहिल्या फटक्यात पास झाल्या होत्या. त्यानंतर त्यांनी गाडी कधी चालवली नव्हती. का, असं कोणी विचारलं नव्हतं. त्यांची थोरली बहीण शहराच्या दुसऱ्या टोकाला राहायची. तिच्याकडे जायचं तर दोन बस बदलाव्या लागायच्या, आणि दुसरी बस यायची तेव्हा यायची. अलीकडे बहिणीला बाहेर पडणं जमत नव्हतं. मास्तरांच्या गुडघ्यामुळे आता बसस्टॉपपर्यंत कोणी सोडणारंही नव्हतं. म्हणून मास्तरांचा कागद त्या रोज वाचायच्या, आणि रोज तोच प्रश्न विचारायच्या.

शेवटी भाची म्हणाली की नुसतं बसून लिहू नकोस, कोणावर तरी करून बघ. म्हणून शनिवारी दुपारी मास्तरांच्या हॉलमध्ये प्रयोग ठरला. खुर्ची म्हणजे चालकाची सीट. स्टिअरिंगच्या जागी पातेल्यावरचं झाकण. क्लच म्हणून उशी, ब्रेक म्हणून गुंडाळलेली चटई, आणि अॅक्सिलरेटर म्हणून मास्तरांचा जुना बूट. विद्यार्थी म्हणून साहेब बसले, कारण दुसरं कोणी बसलं तर साहेब तपासत राहिले असते. साहेबही कधीकाळी मास्तरांकडेच शिकलेले. मास्तर स्टुलावर शेजारी बसणार तोच भाचीनं त्यांना हॉलच्या दुसऱ्या टोकाला नेऊन उभं केलं. “तू ऑनलाइन आहेस मामा. लांबूनच बोलायचं.”

साहेबांनी गंभीरपणे किल्ली फिरवली, म्हणजे हवेत फिरवली. गिअर टाकला. गाडी निघाली. रस्ता मोकळा होता, हवा छान होती, साहेबांनी झाकण दोनदा अगदी सफाईनं वळवलं.

“थांबवा,” मास्तर म्हणाले.

साहेबांनी दोन्ही पाय उचलले आणि अधांतरी धरले. खाली चटई तशीच पडून राहिली.

“थांबवा साहेब.”

“थांबलोय की,” साहेब म्हणाले. त्यांचे पाय अजून वरच होते आणि नजर शेजारच्या रिकाम्या स्टुलावर होती.

मास्तरांनी वकीलबाईंना बसायला सांगितलं. त्याही त्यांच्याच विद्यार्थिनी, आणि रोज गाडी घेऊन कोर्टात जाणाऱ्या. वकीलबाईंनी गाडी काढली, पळवली आणि “थांबवा” म्हटल्यावर दोन्ही पाय वर घेतले. मग दचकून एक पाय चटईवर आपटला. “हे माझं रोजचं आहे,” त्या शांतपणे म्हणाल्या. “सिग्नल लाल झाला की एक क्षण मी वाट बघते. कोणीतरी ब्रेक लावेल असं वाटतं. मग आठवतं की मी एकटी आहे. गाडीचा पुढचा दिवा एवढ्यासाठीच दोनदा बदललाय. मला वाटायचं, स्वभाव असेल.”

मास्तर हळूच सोफ्यावर बसले. एकही विद्यार्थी नापास नाही, हे खरं होतं. परीक्षेच्या वेळी अधिकारी मागच्या सीटवर बसायचा आणि मास्तर त्यांच्या नेहमीच्या जागी, हेही खरं होतं. या दोन गोष्टी एकमेकींशेजारी ठेवून पाहायचं त्यांनी इतकी वर्षं टाळलं होतं असं नाही. त्या शेजारी ठेवायच्या असतात हेच त्यांना सुचलं नव्हतं. सगळे गेल्यावर त्यांनी बायकोला विचारलं, “अगं, तू पण?”

“मी परत बसलेच नाही,” मास्तरीणबाई म्हणाल्या. “मला माहीत होतं ना, गाडी थांबवता मला येत नाही ते. तुमचं आपलं सगळीकडे, बायको पहिल्या फटक्यात पास झाली.”

त्या दिवशी मास्तर जेवले कमी आणि लिहिलं पुष्कळ. सोमवारी त्यांनी नवा मसुदा सगळ्यांसमोर ठेवला. आठवडा पहिला: थांबणे.

साहेबांनी कपाळाला हात लावला. “मास्तर, जी गाडी सुरूच झाली नाही ती थांबवायची कशी? हे शास्त्राला धरून नाही. आधी गती, मग विराम.”

“तुम्ही शनिवारी पाय वर धरून बसला होतात साहेब.”

“तो प्रयोगातला दोष होता.”

“राहू द्या पहिला आठवडा,” मास्तरीणबाई म्हणाल्या. “थांबायचं कसं ते आधी कळलं, तर सुरू करायची भीती वाटणार नाही.”

असा निर्णय झाला. पहिल्या आठवड्यात थांबणे, दुसऱ्यात निघणे, तिसऱ्यात वळणे, चौथ्यात रहदारी. रिव्हर्स मास्तरांनी दुसऱ्या आठवड्यात घातलं होतं. त्यांचं म्हणणं, ज्याला निघता येतं त्याला परतताही आलं पाहिजे. पण साहेबांच्या मते रिव्हर्स हे कठीण, आणि कठीण ते शेवटी. वकीलबाईंच्या मते त्यांच्याकडे आलेली निम्मी भांडणं रिव्हर्समध्येच झालेली, त्यामुळे ते शेवटी तर हवंच, शिवाय त्याला जबाबदारी नाकारणारी एक टीपही हवी. दोन शेजारी एका बाजूला झाल्यावर मास्तरांचं काय चालणार? रिव्हर्स पाचव्या आठवड्यात गेलं. टीप धड्यापेक्षा लांब झाली.

कंपनीच्या मंजुरी विभागानं पहिले चार आठवडे मंजूर केले, तेही वाक्यं चार वेळा परत पाठवून. ‘विद्यार्थ्याला ब्रेक समजेल’ हे त्यांना चालेना. समजलं हे कसं कळणार? मास्तरांनी ‘विद्यार्थी ब्रेक दाबून गाडी सांगितलेल्या रेषेच्या अलीकडे उभी करून दाखवेल’ असं लिहिलं, आणि ते स्वतःच्या लेखणीतून उतरलं यावर त्यांचा क्षणभर विश्वास बसला नाही. पाचवा आठवडा मात्र अडकला. विभागाचं म्हणणं असं की टीप वाचून विद्यार्थ्यानं हे शिकावं की शिकू नये, ते स्पष्ट होत नाही. वकीलबाई म्हणाल्या, तेच तर तिचं कौशल्य आहे.

तोवर मास्तरीणबाई पहिली विद्यार्थिनी झाल्या होत्या. नियम साधा होता: मास्तर गाडीत बसणार नाहीत. त्या खाली आवारात गाडीत, मास्तर वर बाल्कनीत, मध्ये फोन. सारी इमारत खिडक्यांत. उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात ते याला, असं साहेब कोणालाही ऐकू जाईल इतक्या हळू म्हणाले. मास्तर एकेक वाक्य वाचायचे, मास्तरीणबाई ते करायच्या, आणि वाक्यात नसलेलं काहीही करायच्या नाहीत. एकदा मास्तरांनी सवयीनं नुसतं “हं” म्हटलं. गाडी जागच्या जागी उभी राहिली आणि फोनमधून आवाज आला, “वाक्यात सांगा.”

दुसऱ्या आठवड्यात गाडी भिंतीकडे जरा वेगानं निघालेली दिसली तेव्हा मास्तरांचा पाय आपोआप पुढे गेला आणि बाल्कनीतल्या कोरफडीच्या कुंडीवर जोरात दाबला गेला. कुंडी कठड्याखालच्या फटीतून सरकली आणि साहेबांनी नुकत्याच तपासलेल्या पायरीवर फुटली. गाडी मात्र भिंतीच्या कितीतरी अलीकडे उभी होती. मास्तरीणबाईंनी स्वतः थांबवली होती. मास्तरांचा गुडघा दोन दिवस सुजला, आणि डॉक्टरांनी विचारलं तेव्हा त्यांनी जिना असं सांगितलं.

असे चार आठवडे झाले, चौथ्यातली रहदारीसुद्धा आवारातच, खुर्च्या मांडून. तर रविवारी सकाळी बासरी थांबली आणि मंजुरी विभागातला एक माणूस खरोखरच फोनवर आला. मास्तरांनी पाचव्या आठवड्याबद्दल विचारलं. तो म्हणाला, वरिष्ठांकडे आहे. मास्तरांनी विचारलं, वरिष्ठ कुठे आहेत. तो म्हणाला, सुट्टीवर. मास्तर फोन ठेवून चहासाठी हाक मारणार, तर स्वयंपाकघरात कोणी नव्हतं. खिडकीतून पाहिलं तर गाडीच्या जागी तेलाचा डाग होता.

मास्तरांच्या पायाखालची फरशी सरकली असं लिहिणं सोपं आहे. झालं ते असं: मास्तर खुर्चीत बसले आणि जवळजवळ तासभर उजवा पाय फरशीवर दाबून राहिले. डॉक्टरांचं म्हणणं त्यांना आठवलं, पण पाय त्यांनी काढला नाही. साहेब वर येऊन त्यांच्याशेजारी बसले. थोड्या वेळानं मास्तरांच्या लक्षात आलं की साहेबही पाय दाबून बसलेत.

फोन वाजला. “पोचले,” मास्तरीणबाई म्हणाल्या. “ताईकडे आहे. सहा सिग्नल लागले. सगळीकडे थांबले.”

मास्तरांनी पाय उचलला. काहीतरी चांगलं बोलावं असं त्यांना फार वाटलं, पण तोंडातून निघालं, “हं.”

“एक अडचण आहे,” मास्तरीणबाई म्हणाल्या. “ताईची गल्ली पुढे बंद आहे. आजवर बसस्टॉपवरून चालत यायचे, मागच्या दारानं, त्यामुळे लक्षातच आलं नव्हतं. गाडीचं तोंड भिंतीकडे आहे. आणि रिव्हर्स पाचव्या आठवड्यात आहे.”

“साडू आहेत का घरी? त्यांना सांग, काढून देतील.”

“ते आल्या आल्या किल्ली मागत होते. मी दिली नाही.”

“बरं, मी येतो बसनं. मी शेजारी बसतो, तू नुसती—”

“तुम्ही येऊ नका,” मास्तरीणबाई म्हणाल्या. आवाज चढला नव्हता. “शेजारी पिशवी आहे माझी. तुम्ही लिहून पाठवा. घाई नाही, ताईला बरंच आहे मी आहे तर. पण त्या वकीलबाईंची टीप नको. आणि साहेबांना दाखवत बसू नका.”

साहेबांनी हे ऐकलं, कारण मास्तरांचा फोन नेहमी मोठ्या आवाजात असे. ते उठले आणि जिना तपासायला गेले.

मास्तरांनी कोरा कागद घेतला. रिव्हर्स आपण आजवर किती जणांना शिकवलं असेल असा विचार त्यांच्या मनात आला, आणि कोणालाच नाही असं उत्तरही आलं. दुपार टळली तेव्हा एक वाक्य झालं होतं. त्यांनी ते पाठवलं: गाडी हलवण्यापूर्वी मागे वळून पाहावे.

पलीकडून विचारणा आली, “किती वेळ?”

हा प्रश्न मास्तरांना कोणी कधी विचारला नव्हता. त्यांनी पुष्कळ विचार केला आणि लिहिलं, “मागचा रस्ता पूर्ण मोकळा आहे याची खात्री होईपर्यंत. मग पुन्हा एकदा.”

यावर मास्तरीणबाईंचं एका शब्दाचं उत्तर आलं: “हं.” मास्तरांनी तो शब्द बराच वेळ पाहिला. चाललं असा त्याचा अर्थ असावा.

सोमवारी सकाळपर्यंतची माहिती अशी. मास्तरीणबाई बहिणीकडे मुक्कामाला राहिल्या आहेत. गाडी गल्लीत आहे, तोंड भिंतीकडे, किल्ली पिशवीत. वरिष्ठ सुट्टीवरून परतलेले नाहीत. मास्तर टेबलाशी बसून आहेत, त्यांचे दोन्ही पाय खुर्चीच्या आडव्या दांडीवर आहेत, आणि स्टिअरिंग कुठल्या बाजूला वळवलं की मागचं चाक कुठे जातं, या दुसऱ्या वाक्याचा सातवा मसुदा चालू आहे.